भागीरथीला काय हवं होतं

खलनायकाचा हेतू लिहायला बसलं की सगळ्यात आधी हाताशी येतो तो सूड. घर जाळलं, बाप मारला, राज्य हिरावलं, म्हणून आता तो जग बुडवायला निघालाय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून रंगवायच्या कथाखेळाच्या २०१४च्या आवृत्तीत खेळ चालवणाऱ्यासाठी, म्हणजे डीएमसाठी, जे पुस्तक आहे, त्यात तर खलनायकाच्या हेतूंचा तक्ताच दिलाय. आठ तोंडांचा फासा टाकायचा आणि अमरत्व, सत्ता, सूड, संपत्ती यांतलं काय पदरात पडतंय ते बघायचं. ऐन वेळी काही सुचत नसेल तेव्हा हा तक्ता खरंच कामाला येतो, मीही वापरलाय. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या नेरूळच्या टेबलावर जी मोहीम, म्हणजे सत्रामागून सत्र चालणारी कथा, सुरू झाली, तिच्यातली भागीरथी उघाडकर त्या तक्त्यातून आली नाही. तिचा हेतू कसा घडत गेला हे सविस्तर लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. मराठीतून हा खेळ चालवणाऱ्या आणखी कुणाला त्यातून काही घेता आलं तर मला फार आनंद होईल.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतो. जग डीएम चालवतो, आपापल्या पात्राचे निर्णय खेळाडू घेतात, आणि पुढे काय होईल हे ठरत नसेल तिथे वीस तोंडांचा फासा टाकतात. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ आणला, तेव्हापासून मूळ रीत हीच आहे. कादंबरीतल्या खलनायकाला लेखकाने काढलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्यावी लागतात. इथे पाच डोकी मिळून वाट्टेल ते विचारतात, खलनायकाच्या स्वयंपाकघरात शिरतात, त्याच्या नोकराला फितवतात, त्याच्याशी तह करू बघतात. उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. म्हणून त्याला काय हवंय हे डीएमला अगदी आतून माहीत असायला लागतं.

भागीरथीच्या बाबतीत मला हेतूच्या आधी कृती सापडली. माझं आजोळ पेण तालुक्यातलं, खारजमिनीतलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, मध्ये मातीचा बांध. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. भरतीच्या रेट्याने तिची झडप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून खाडीत जातं. उधाणात बांध फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात, आणि लहानपणी हे दोन शब्द मोठ्यांच्या तोंडून ऐकले की घरात शांतता पसरायची. कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षाचं पीक तर जातंच, पुढची काही वर्षंही जमीन भात धरत नाही. नेरूळला राहायला आल्यावर पामबीच रस्त्यापलीकडची तिवरं आणि खाडी बघताना मला तेच आठवायचं. शहर वसायच्या आधी इथल्या गावांतही भातशेती, मिठागरं आणि मासेमारीच होती.

तेव्हा मोहिमेचं जग ठरलं: खारपट्टी नावाचा किनारा, मीठबंदर नावाचं श्रीमंत शहर, आणि बांधाच्या आधाराने जगणारी गावं. अशा मुलखात सगळ्यात भयंकर माणूस कोण? जो उधाणाच्या रात्री उघाडीची झडप साखळीने वर ओढून धरतो तो. मग मी वहीत एवढंच लिहिलं, की कुणीतरी एकामागून एक गावं खाडीला देतंय. ऐरोलीच्या ऑफिसला जाता-येता पनवेल-ठाणे लोकलमध्ये कित्येक दिवस हाच प्रश्न डोक्यात घोळत होता, का देतंय?

मोहीम सुरू व्हायच्या आधी आम्ही एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतो, तिला सेशन झिरो म्हणतात. कथेत काय चालेल, काय नको, हे तिथे ठरतं. पाण्याचा विषय काढल्यावर २६ जुलै २००५ निघणारच होता. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत त्या रात्रीची एक तरी गोष्ट आहे. आमच्यातल्या एकीने स्पष्ट सांगितलं, ‘‘पूर चालेल. माणूस बुडतानाचं वर्णन मला नकोय.’’ सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. या एका अटीने भागीरथीला आकार दिला, असं मला आज वाटतं. बुडालेल्या माणसांचं दुःख दाखवायचं पण बुडणं दाखवायचं नाही, तर मागे जे उरतं ते दाखवावं लागतं. कागद उरतात, नावं उरतात, रिकामी घरं उरतात.

आमच्या गटातला एक जण इथल्याच एका मूळ गावचा, आगरी घरातला. भागीरथी हे नावही तेव्हा ठरलं नव्हतं, नुसता आराखडा होता: एका गावाची जमीन बंदराने बळकावली, त्याचा बदला म्हणून गावातली एक बाई आता बंदराची गावं बुडवतेय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेबद्दल सांगितलं. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित करायच्या ठरल्या, तेव्हापासूनचे कागद त्या ट्रंकेत आहेत. सातबारे, नोटिसा, सभांची पत्रकं. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात जे आंदोलन झालं, ज्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले आणि ज्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं, त्याची कात्रणंही आहेत.

‘‘आजोबांनी आयुष्यभर कागद जपले,’’ तो म्हणाला. ‘‘मोर्च्याला गेले, लाठ्या खाल्ल्या. कुणाचं घर नाही बुडवलं. जमीन गेली की माणूस राक्षस होतो, असं तुझ्या गोष्टीतून निघायला नको.’’

मला हे फार मोलाचं वाटलं आणि आजही वाटतं. खऱ्या माणसांच्या लढ्यावरून खलनायकाचा मुखवटा बनवायचा नाही, हे तर आहेच. पण त्याच्या बोलण्यात खलनायक घडवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असंही काहीतरी होतं. जखम म्हणजे हेतू नव्हे. तीच जखम शंभर माणसांना होते, त्यातली नव्याण्णव अर्ज लिहितात, मोर्चे काढतात, कोर्टात जातात, पोरांना शिकवतात. शंभरावा वेगळं काही करतो, ते जखमेमुळे नाही. त्याला कुणीतरी एक सौदा पुढे केलेला असतो आणि तो त्याने घेतलेला असतो. किंमत दुसऱ्याने चुकवायची, असं त्या सौद्यात असतं. हेतू शोधायचा तो त्या सौद्यात. जखमेने फक्त माणूस त्या दारापर्यंत येतो.

म्हणून मी खारपट्टीत तिवरपाडा नावाचं गाव बुडवलं आणि त्यातून वाचलेली माणसंही ठेवली. ती आजही मीठबंदरच्या कचेरीत खेटे घालतात. आणि भागीरथीला मी पीडित गावातून उचलून बांधावर आणून बसवलं. ती उघाडीची राखणदार, बंदराची नोकर. मोठ्या उधाणाच्या रात्री बंदर वाचवायला पाणी कुठेतरी वळवणं भाग होतं. तिच्या हाती हुकूम आला: तिवरपाडा रिकामा केला आहे, उघाडी उघड. तिने स्वतःच्या हाताने साखळी ओढली. गाव रिकामं नव्हतं. त्रेचाळीस माणसं होती, आणि त्यांत तिच्या बहिणीचा मुलगा रघू होता.

आता सूड म्हटला तर तो हुकूम लिहिणाऱ्यावर उगवायला हवा. तसा तिने उगवलाही असता. पण मी तिला आधी सरळ मार्गाने चालवून बघायचं ठरवलं, आणि माझ्या मते खलनायकाच्या हेतूवर काम करण्याची यापेक्षा चांगली रीत नाही. वाईट वाटेला लागण्याआधी त्याने काय काय करून पाहिलं? कुठल्या कुठल्या दाराशी गेला? प्रत्येक दारात कोण उभं होतं आणि त्याने काय सांगून परत पाठवलं? ही उत्तरं लिहीत गेलं की खलनायक तर उभा राहतोच, शिवाय आख्खं शहर आपोआप उभं राहतं. भागीरथी नगरसभेत गेली, तिथे एक कारकून तयार झाला. देवळात गेली, तिथे एक पुजारी. प्रेत नसलेल्या माणसाचे विधी करता येणार नाहीत असं तो म्हणाला. नाखवांच्या पंचायतीत गेली, तिथे एक म्हातारा नाखवा, ज्याला सगळं माहीत होतं पण बंदराच्या धक्क्यावर त्याच्या होड्या लागत होत्या. खेळाडू पुढे या तिघांनाही भेटले, आणि त्यांना वेगळं काही रचून सांगायची मला गरज पडली नाही.

कचेरीचा पत्रव्यवहार मी खराच लिहून काढला. ‘विषय: मौजे तिवरपाडा येथील मयत इसमांची नोंद घेणेबाबत.’ खाली भागीरथीचा अर्ज, मग त्याला आलेलं उत्तर: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, मौजे तिवरपाडा हे गाव या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ पुढचा अर्ज, पुढचं उत्तर: ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.’ संबंधित विभागाने तो परत पहिल्या कचेरीकडे वर्ग केलेला. कागद मी आधी चहाच्या पाण्यातून काढले, मग मिठाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत दोरीवर वाळत घातले. वाळल्यावर घड्यांमध्ये मिठाचे बारीक कण राहिले. खोडरबरावर ब्लेडने कोरून बंदराचा शिक्काही केला.

त्या रविवारी बुडालेल्या एका गावाच्या देवळात खेळाडूंना हे बोचकं सापडलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि गप्प बसले. विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणारीने पहिला कागद मोठ्याने वाचायला घेतला. दुसऱ्या उत्तरापर्यंत तिचा आवाज चढला होता. ‘‘गावच नाही म्हणतात! मग पाणी सोडलं कुठे?’’ रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोरट्याचं पात्र) खेळणारा धाकटा बोटांना लागलेलं मीठ चोळत होता. ‘‘ताई, हे कागद पाण्यात होते,’’ तो म्हणाला. ‘‘कुणीतरी पाण्याखालून परत आणलेत.’’ एवढ्यावरून त्याने समुद्राचा सहभाग ओळखला, आणि मला जे तासभर संवादांतून पोचवायचं होतं ते त्या चार कणांनी पोचवलं.

समुद्राचा सौदा असा: दारं सगळी बंद झाल्यावर भागीरथी खाडीच्या तोंडाशी जाऊन बसली, आणि खाडीने तिचं ऐकून घेतलं. मला एक गाव दे, मी तुला एक माणूस परत देतो. त्रेचाळीस गावं, त्रेचाळीस माणसं. इथे मला एक निर्णय घ्यावा लागला आणि त्यावर मी बराच विचार केला. सौदा खरा ठेवायचा की फसवा? अशा कथांमध्ये बहुतेक वेळा सैतान फसवतो. परत आलेला माणूस पोकळ निघतो, भूत निघतो. मला ते नको होतं. सौदा फसवा असेल तर खलनायक मूर्ख ठरतो आणि खेळाडूंची सुटका होते. त्यांनी तिला फक्त सत्य सांगायचं, की झालं. समुद्राने शब्द पाळला, तरच खरा पेच पडतो. म्हणून रघू परत आला तो खरा रघूच आला, आठ वर्षांचा, खोडकर, मावशीच्या पदराला धरून फिरणारा. फक्त त्याला मीठ चालत नाही. अळणी पेज खातो आणि गोड्या पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपतो. खेळाडू चोरून तिच्या घरात शिरले तेव्हा त्यांना चेटकिणीचं घर अपेक्षित होतं, आणि समोर हा पोरगा पेजेच्या वाडग्याशी बसलेला. क्लेरिकने, म्हणजे गटातल्या पुजारी-पात्राने, त्याच्यावर मंत्र टाकून पाहिला. भूत आहे का? नाही. शाप आहे का? नाही. टेबलावर कुणीच काही बोलेना.

खलनायकाचा हेतू त्याच्या पद्धतीत दिसला पाहिजे, नुसता त्याच्या शेवटच्या भाषणात नाही. भागीरथी गाव बुडवायच्या आदल्या संध्याकाळी तिथे दवंडी पिटते. ‘उद्या राती खाडी येनार’ असं गावोगावी ओरडत जाणारा तिचा माणूस खेळाडूंना अगदी पहिल्या सत्रात भेटला होता, आणि कोडं तिथूनच सुरू झालं. गाव बुडवणारी बाई आधी सावध का करते? उत्तर तिवरपाड्यात होतं: तिथे दवंडी पिटलीच गेली नव्हती. ती नियम पाळते, बंदराने मोडलेला नियम. आणि दवंडी दिली की आपले हात स्वच्छ, असंही मानते. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सावकाराने अडवून ठेवलेलं कूळ, ज्यांना जायला जागाच नाही ती माणसं मागे राहतात, आणि जी निघून जातात त्यांची जमीन खारी होते. हा हिशेब ती मांडत नाही. त्यामुळे दया वाटूनही खेळाडू तिला सोडून देऊ शकत नव्हते. माझ्यासाठी भागीरथीचा सगळा खलपणा या न मांडलेल्या हिशेबात आहे.

तिच्या बोलीबद्दलही एक गोष्ट ठरवली. ती प्रमाण मराठीत, कचेरीच्या मराठीत बोलते, कारण ती बंदराची नोकर. नायकांची भाषा पुस्तकी आणि खलनायकाची गावाकडची, ही वाटणी मला मुळीच मान्य नाही. उलट ट्रंकवाल्या मित्राने आपला पॅलाडिन, म्हणजे शपथेला बांधलेला योद्धा, आगरी बोलणारा केला, आणि त्याच्या तोंडून शपथा ऐकताना टेबलाला वेगळंच बळ यायचं.

काळाचं गणित त्याच्याच घरातून आलं. काही नव्या खेळांमध्ये खलनायकाची प्रगती दाखवायला वर्तुळ काढून त्याचे खण भरत जातात, त्याला क्लॉक म्हणतात. मी त्याऐवजी त्रेचाळीस नावांची यादी केली होती आणि दर उधाणाला एका नावापुढे खूण. उधाण केव्हा, हे खेळाडूंनी शोधायचं होतं. पॅलाडिनने आजीचा हिशेब काढला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती, पण ती भांगाची, तिच्यात जोर नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि उधाणाचा खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, मध्यरात्रीनंतर दीड वाजता. त्याने हे बोटांवर मोजून सांगितलं आणि पुढच्या द्वितीयेला सगळे बांधावर दबा धरून बसले. मी वहीत लिहिलेली वेळ दीडच होती.

आता नियमांबद्दल थोडं. २०१४च्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला स्वभाव, आदर्श, बंध आणि उणीव अशा चार गोष्टी लिहायच्या असतात. खेळाडूंकडून आपण त्या भरून घेतो, खलनायकाच्या मात्र राहून जातात. मी भागीरथीच्या भरल्या. आदर्श: ज्याची नोंद नाही त्याचं मरणही कुणी मोजत नाही. बंध: त्रेचाळीस नावं, तोंडपाठ. उणीव: दिलेला हुकूम खरा आहे की नाही हे तपासल्याशिवाय तिला आता झोप येत नाही, त्यामुळे ती प्रत्येक उघाडीवर स्वतः जाते. खेळाडूंना ती गाठता आली ती या उणिवेमुळेच. भला-बुरा ठरवणारा अलाइनमेंटचा रकाना मी कोरा ठेवला. मूळ १९७४च्या खेळात तीनच अलाइनमेंट होत्या, पुढे त्या नऊ झाल्या, पण भागीरथीसाठी त्यांतल्या कुठल्याच घराचा मला उपयोग नव्हता.

शेवट कसा करायचा, यासाठी मला खंडोबाच्या कथेने वाट दाखवली. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, दोघांचे अपराध सारखेच, दोघांचाही देवाने पराभव केला. पण मणीने शरण येऊन देवाजवळ राहण्याचा वर मागितला आणि खंडोबाच्या देवळांत त्याला आजही मान आहे. हरल्यावर माणूस काय मागतो, यावरून त्याला आयुष्यभर काय हवं होतं ते कळतं. म्हणून वहीच्या पानावर मी एक ओळ रिकामी सोडली: हरल्यावर भागीरथी काय मागेल? ती मी मुद्दामच आधी भरली नाही. खेळाडू तिच्यासमोर काय घेऊन येतात, त्यावर ते अवलंबून राहणार होतं.

ते जे घेऊन आले ते मला अतिशय आवडलं. चोरी करायला पटाईत असलेला आमचा रोग कचेरीत घुसला, पण काही चोरायला नाही, लिहायला. क्लेरिकने कारकुनाला बोलण्यात गुंतवलं, पहिला फासा सात पडला, कारकुनाला संशय आला, मग विझार्डने खोटी आग लावून कचेरी रिकामी केली. आणि रोगने बंदराच्या दप्तरात मौजे तिवरपाडा आणि खाली त्रेचाळीस नावं, वाचलेल्या गावकऱ्यांकडून पडताळून घेऊन, शिक्क्यासकट लिहिली. द्वितीयेच्या रात्री बांधावर, साखळी हातात धरलेल्या भागीरथीसमोर पॅलाडिनने तलवार खाली ठेवली आणि दप्तर उघडून नावं वाचायला सुरुवात केली.

मी भागीरथी म्हणून ऐकत होते. सरळ मार्गाने तिने जे मागितलं होतं ते आता तिच्यासमोर होतं. पण हेतू एका जागी थांबलेला नसतो. अर्ज घेऊन फिरणारी भागीरथी आणि चार गावं बुडवून चार माणसं घरी आणलेली भागीरथी यांना एकच गोष्ट हवी असणार नाही, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. पॅलाडिन ‘रघू’ या नावापर्यंत आला आणि मी त्याला थांबवलं.

‘‘ते नाव खोडा,’’ ती म्हणाली. ‘‘तो घरी निजलाय. चार नावं खोडा, मग पुढचं वाचा.’’

त्यावर टेबलाशी जो वाद झाला तो अर्धा तास चालला आणि मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. नावं खोडली तर बंदराचा अपराध चार माणसांनी कमी होतो, असं विझार्डचं म्हणणं. नोंद खरी असली पाहिजे, जिवंत माणूस मेलेला लिहिणं हेच तर बंदराने उलट्या बाजूने केलं, असं क्लेरिकचं. रोग म्हणाला, चार नावं खोडायची तर त्या चार रात्री बांधामागे राहिलेल्यांची नावंही त्याच दप्तरात चढवायची, त्याच हाताने, आणि ती तिने लिहायची. सगळे थबकले. मी फासा टाकायला सांगितला नाही. माझ्या मते तिथे फाशाला काही काम नव्हतं. भागीरथीने साखळी सोडली, झडप मिटली, आणि ती बांधावर बसून नावं लिहू लागली. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांची नावं तिला माहीत नव्हती. ती खेळाडूंनी सांगितली.

तिचं काय करायचं, याचा निकाल गावकऱ्यांच्या सभेवर सोडला आणि ती सभा पुढच्या सत्रात होईल. एकोणचाळीस माणसं अजून समुद्राकडे आहेत, आणि समुद्राला गावं का हवीत हे कुणीच विचारलेलं नाही. त्याचा हेतू लिहायला मी आता घेतलाय. ‘रिकामा केला आहे’ हे शब्द ज्याने हुकुमात घातले त्याचं नावही अजून कुणाला सापडलेलं नाही. त्याच्यासाठीही मी तीच पहिली ओळ लिहिली आहे: त्याने आधी काय करून पाहिलं? दरम्यान रोग आणि पॅलाडिन यांनी मला सांगून ठेवलंय, की पुढच्या पर्वात त्यांची पात्रं मीठबंदरच्या नगरसभेची निवडणूक लढवणार आहेत. त्यामुळे आता मला मतदारयादीही तयार करायची आहे, तिवरपाड्यासकट.